सुका पाचोळा आवाराबाहेर पाठवू नका

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापन समितीचे सदस्य,
पुणे शहरातील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : घरगुती गांडूळखताच्या डब्यांना मनाई न करता आवारातील सुका पाचोळा त्यांच्यासाठी राखून ठेवण्याबाबत.

महोदय, महोदया,

मी कोथरूडमधील ४८ सदनिकांच्या एका संस्थेची सभासद आहे. आमच्या स्वयंपाकघरातील ओला कचरा गेली नऊ वर्षे मी तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, घरीच तयार केलेल्या डब्यांमध्ये, गांडुळांच्या मदतीने जिरवते. मध्ये काही महिन्यांचा खंड पडला, त्याविषयी पुढे लिहिलेच आहे. हे पत्र एकाच समितीला न लिहिता आपणा सर्वांना लिहीत आहे, कारण शहराच्या निरनिराळ्या भागांत राहणाऱ्या नातेवाइकांकडून आणि मैत्रिणींकडून मला एकच हकिगत पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. कोणीतरी हौसेने डबा सुरू करते, पावसाळ्यात त्याला वास येतो किंवा त्यातून पाणी गळते, खालच्या मजल्यावरून तक्रार जाते, समितीचे पत्र येते आणि डबा बंद होतो. बाल्कनीत गांडुळे ठेवणे हीच मुळात चूक होती, असे समितीला वाटते आणि हे आपल्याला जमण्यासारखे नाही, असे त्या सभासदाला वाटते. माझ्या अनुभवाप्रमाणे दोघांचाही समज चुकीचा आहे. डबा बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने, सुक्या पाचोळ्याच्या अभावाने. आणि तो पाचोळा सभासदाच्या घरात नसतो, तो आपल्या ताब्यातील आवारात असतो.

माझ्याकडून जे घडले ते आधी सांगते. डबा सुरू केल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, जुलै महिन्यात, सलग पाऊस लागला होता. घरातील चौघांचा कच्चा ओला कचरा, म्हणजे भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, दिवसाला सहाशे-सातशे ग्रॅम भरत असे आणि तो मी नेमाने डब्यात टाकत होते. वर पसरायला वर्तमानपत्राचे तुकडे होते. पण हवेतील दमटपणामुळे ते डब्यात जाण्याआधीच मऊ पडलेले असत. काही दिवसांत डब्यातील थर चिखलासारखा झाला, गांडुळे कडेने वर चढू लागली आणि एका रात्री खालचा ट्रे भरून वाहिला. सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या दोरीवरील पांढऱ्या चादरीवर तपकिरी डाग पडलेले होते. चूक पूर्णपणे माझी होती. मी त्यांची क्षमा मागितली आणि चादरही बदलून दिली. त्यानंतर आठवड्याभरात बाल्कनीत कोणत्याही प्रकारचे खत तयार करू नये असे समितीचे पत्र सर्व ४८ घरांत पोहोचले. तेव्हा दोन घरांत असे डबे होते, त्यातला दुसरा तर उत्तम चालला होता. तोही बंद झाला.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आमच्या माळीबुवांनी आवारातील बदाम, सोनमोहर आणि आंबा यांच्या पाचोळ्याची बारा पोती भरून फाटकाबाहेर ठेवली होती आणि टेम्पो ती घेऊन गेला होता, हे मला नंतर आठवले. त्यातली तीन पोती माझ्याजवळ असती तर ती चादर खराब झाली नसती.

हे असे का होते ते थोडे विस्ताराने लिहिते, कारण समितीला निर्णय घ्यायचा असेल तर डब्याच्या आत काय चालते याची कल्पना असायला हवी. स्वयंपाकघरातील भाजीपाल्याच्या कचऱ्यात वजनाने बहुतांश पाणीच असते आणि उरलेल्या भागात नायट्रोजन भरपूर असतो. सुक्या पानांत याच्या उलट असते. पाणी जवळजवळ नसते आणि कार्बन भरपूर असतो. कुजण्याचे काम करणाऱ्या सूक्ष्मजीवांना साधारणपणे एक भाग नायट्रोजनमागे २५ ते ३० भाग कार्बन लागतो. कार्बन कमी पडला की जास्तीचा नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो. आपल्याला येणारा उग्र दर्प तो हाच. पाणी जास्त झाले की पोकळ्या भरून जातात, आत हवा पोहोचत नाही आणि हवेविना कुजवणारे जिवाणू कामाला लागतात. नासलेल्या अंड्यासारखा वास येतो तो त्यांच्यामुळे. गांडुळाला फुप्फुसे नसतात. ते ओलसर त्वचेतून श्वास घेते. त्यामुळे त्याला ओलावा लागतोच, परंतु पाण्याने भरलेल्या, हवा नसलेल्या चिखलात त्याचा जीव गुदमरतो आणि ते बाहेर पडू पाहते. डब्यातून गांडुळे चढून वर येऊ लागली की लोक घाबरतात. वास्तविक आत श्वास घेता येत नसल्याची ती खूण असते. सुका पाचोळा या सगळ्या दोषांवर एकाच वेळी काम करतो. तो पाणी शोषतो, पानांच्या थरांमध्ये हवा धरून ठेवतो आणि कार्बनही पुरवतो. वर्तमानपत्र, पुठ्ठा, नारळाच्या भुशाच्या विटा हे पर्याय आहेत आणि मी ते सगळे वापरून पाहिले आहेत. पण भुश्याच्या विटा विकत आणाव्या लागतात, कागद ओला झाला की त्याचा लगदा होऊन हवा अडते आणि पाचोळ्याची बरोबरी यांपैकी कशालाच येत नाही.

आता खरी अडचण. पुण्यातील बहुतेक झाडे डिसेंबर ते मार्च या काळात पाने गाळतात (बदाम तर वर्षातून दोनदा गाळतो). गांडुळांच्या डब्याला सुक्या पानांची सर्वांत जास्त गरज मात्र जून ते सप्टेंबरमध्ये लागते. म्हणजे ज्या महिन्यांत पाचोळा पायदळी असतो तेव्हा तो फारसा लागत नाही आणि ज्या महिन्यांत लागतो तेव्हा तो कोठेच कोरडा मिळत नाही. तेव्हा पाचोळा मिळवणे अवघड नाही, तो साठवणे अवघड आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे पावसाळ्याच्या चार महिन्यांत एका घराला चुरलेल्या पाचोळ्याची तीन ते चार पोती लागतात. दोन खोल्यांच्या घरात ती ठेवायला जागा नसते. मी एकदा ती जिन्याच्या वळणावर ठेवली होती. समितीने त्याला हरकत घेतली आणि ती योग्यच होती, कारण आग लागली तर माणसांना बाहेर पडायची वाट तीच असते. सभासदाकडे जागा नाही आणि जागा आहे ती संस्थेकडे, एवढ्यावरच हे सारे अडून राहते.

ही जागा बहुतेक ठिकाणी बांधून तयार आहे, याकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे. गेल्या दोन-अडीच दशकांत पुण्यात उभ्या राहिलेल्या अनेक इमारतींच्या मागच्या बाजूला, कुंपणाच्या भिंतीला लागून, गांडूळखताचे हौद आहेत. बांधकाम परवानगीच्या अटींप्रमाणे ते बांधले गेले, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आणि पुढे त्यांच्याकडे कोणी फिरकले नाही. आमच्या आवारातील हौद दहा फूट लांब, चार फूट रुंद आणि तीन फूट खोल आहे; त्यात फुटक्या फरश्या, रंगाचे रिकामे डबे आणि कोणाच्या तरी स्नानगृहाच्या दुरुस्तीतला राडारोडा पडून आहे. तो रिकामा केला, वर पत्र्याचे साधे छप्पर घातले, तर त्यात पाचोळ्याची चाळीसहून अधिक पोती कोरडी राहतील, म्हणजे दहा-बारा घरांची पावसाळ्याची सोय होईल. आपल्यापैकी अनेक संस्थांना या हौदाच्या आधारे मालमत्ता करात सवलतही मिळत असेल. गांडूळखत, सौरऊर्जा आणि पर्जन्यजल संधारण यांपैकी एखादा प्रकल्प चालू असेल तर पुणे महानगरपालिका ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सवलत देते. ती चालू प्रकल्पासाठी आहे, राडारोड्याने भरलेल्या हौदासाठी नाही.

डबा कसा असतो, हे न पाहिलेल्या सदस्यांसाठी सांगते. मी वीस लिटरच्या रंगाच्या तीन बादल्या वापरते. त्या आधी साबणाने चार-पाच वेळा धुऊन, आठवडाभर उन्हात ठेवल्या होत्या. वरच्या दोन बादल्यांच्या तळाला आणि वरच्या कडेखाली तापवलेल्या खिळ्याने भोके पाडली. सर्वांत खालची बादली अखंड आहे आणि तिच्यात झिरपलेले पाणी जमा होते. वरच्या बादलीच्या तळाशी नारळाच्या शेंड्यांचा चार बोटे थर, त्यावर भिजवून घट्ट पिळलेला पाचोळा, दोन ओंजळी जुने शेणखत, एक ओंजळ माती आणि मग पाव किलो गांडुळे, एवढ्यावर सुरुवात केली आणि वरून ओले गोणपाट झाकले. पहिला आठवडाभर त्यांना काही दिले नाही. त्यानंतर रोज मूठभर कचरा, तोही बारीक चिरून, एका कोपऱ्यात पुरायचा आणि त्यावर दुप्पट पाचोळा पसरायचा, असे महिनाभर केले. गांडुळे चांगली रुळली की दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण निम्मे अन्न संपवतात, हे खरे आहे; पण 'रुळली की' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पहिल्याच दिवशी घरातील सगळा कचरा ओतणारे लोक मे महिन्यात सुरुवात करोत की नोव्हेंबरात, महिन्याभरात हताश होतात. ताजा पाला ढिगाने पडला की तो आतून तापतो आणि गांडुळे त्या उष्णतेने मरतात.

गांडुळे कोणती, याबद्दलही बरेच गैरसमज आहेत. पहिल्या पावसात रस्त्यावर दिसणारी गांडुळे उचलून डब्यात सोडणारे अनेकजण मला भेटले आहेत. ती मातीत खोलवर राहणारी असतात आणि डब्यात जगत नाहीत. डब्यासाठी पालापाचोळ्यात, वरच्या थरात राहणाऱ्या जाती लागतात. आपल्याकडे प्रामुख्याने तीन वापरल्या जातात : लालसर, अंगावर फिकट पट्टे असणारी आयसेनिया फेटिडा, पश्चिम आफ्रिकेतून आलेली मोठी युड्रिलस युजेनिया आणि मूळची आपल्याच भागातील पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस. माझ्याकडे पहिली आहे. तिचे कोष लिंबाच्या बीपेक्षा लहान आणि पिवळसर असतात. साधारण तीन आठवड्यांत एकेका कोषातून दोन-तीन पिल्ले बाहेर पडतात आणि सहा ते आठ आठवड्यांत ती स्वतः कोष घालू लागतात. जागा आणि अन्न यांच्या मर्यादेपलीकडे त्यांची संख्या वाढत नाही. त्यामुळे गांडुळे वाढून घरभर पसरतील, ही भीती निराधार आहे. प्रकाश त्यांना सोसत नाही. डब्यात ओलावा, हवा आणि अंधार असेल तर ती बाहेर येत नाहीत.

आता सभांमध्ये ज्या हरकती घेतल्या जातात त्यांच्याकडे वळते. डासांविषयीची हरकत मला सर्वांत रास्त वाटते. डास डब्यातील खतात होत नाहीत. ते खालच्या बादलीतील साचलेल्या पाण्यात होऊ शकतात. म्हणून ती बादली दर तिसऱ्या दिवशी रिकामी करणे ही अट समितीने जरूर घालावी. पाचोळा पुरेसा असेल तर तिथे जवळजवळ काही जमतच नाही. (या पाण्याला 'व्हर्मीवॉश' म्हणून बाटल्या भरून वाटण्याची पद्धत मला मान्य नाही. न कुजलेल्या अन्नाचा तो निथळ असतो. त्यात दहापट पाणी घालून फुलझाडांच्या मुळाशी द्यावा, कोथिंबीर-पुदिन्यावर शिंपडू नये.) चिलटे होतात ती कचरा उघडा राहिल्याने; वर दोन बोटे पाचोळा असला की ती अंडी घालायला जागा शोधत दुसरीकडे जातात. झुरळे आणि उंदीर येतात ते शिजवलेल्या, तेलकट अन्नासाठी. म्हणून पोळी-भात, मासे, मटण, दूध-ताक आणि लोणचे डब्यात टाकायचे नाही. लोणच्यातील मीठ तर गांडुळांच्या त्वचेला जाळते. लिंबाची साल आणि लसणाची टरफले थोडी चालतात, रोज नाहीत. पावसाळ्यात करड्या रंगाच्या, जाड, खरखरीत अळ्या दिसतात, त्यांना पाहून लोक सगळ्यांत जास्त दचकतात. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात. ती माशी घरातील अन्नावर बसत नाही आणि रोगही पसरवत नाही. डब्यात गांडुळांना संपवता येत नाही इतके अन्न पडते आहे, एवढाच तिचा अर्थ आहे. चार दिवस काही घालू नये, पाचोळ्याचा जाड थर द्यावा, त्या कमी होतात. लाल मुंग्या आल्या तर उलट डबा कोरडा पडला आहे असे समजावे.

उन्हाळा हा आपल्या शहरातील दुसरा कठीण काळ आहे. गांडुळांना १५ ते २५ अंश तापमान मानवते आणि ३५ च्या वर ती मरू लागतात. पुण्याचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो. पश्चिमेच्या बाल्कनीत, दुपारच्या उन्हात ठेवलेला डबा वाचत नाही. ज्यांची बाल्कनी पश्चिमेला आहे त्यांना तळमजल्यावर जिन्यामागची, रहदारी नसलेली सावलीची जागा दोन महिन्यांसाठी द्यावी, असे मी सुचवीन. सुटीत दोन-तीन आठवडे गावी जायचे असेल तर काळजी नको. भरपूर ओला पाचोळा घालून गोणपाट झाकून गेले की गांडुळे त्या पाचोळ्यावर राहतात. हे सांगते कारण मेच्या सुटीत डब्यांकडे कोण पाहणार, असा प्रश्न आमच्या सभेत विचारला गेला होता.

अनेक समित्या आता खतासाठी विजेवर चालणारी यंत्रे घेत आहेत. माझे मत विचाराल तर ज्या यंत्रांत सकाळी कचरा घातला की दुसऱ्या दिवशी तपकिरी भुकटी निघते, त्यांच्यापासून सावध राहावे. चोवीस तासांत कचरा कुजत नाही, वाळतो. ती भुकटी कुंडीत घालून पाणी दिले की ती तेथे कुजायला लागते, तिला बुरशी येते, वास सुटतो आणि झाडाची पाने पिवळी पडतात. गांडुळांना खत करायला दोन ते तीन महिने लागतात आणि तो वेळ देण्याला पर्याय नाही. तयार झालेले खत काळसर, चहाच्या पुडीसारखे रवाळ असते आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. वास हीच परीक्षा. समितीच्या सदस्यांनी यंत्राची भुकटी आणि डब्यातील खत शेजारी ठेवून हुंगावे आणि मगच खर्च मंजूर करावा.

मी हे आग्रहाने मांडते, याला आपल्या कुंपणापलीकडचेही कारण आहे. पुण्याचा कचरा अनेक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात जाऊन पडला. तेथील विहिरींचे पाणी बिघडले, तिथल्या लोकांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या, २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागल्यानंतर तर शहराची कचराकोंडीच झाली. दुर्गंधी, झिरपणारे काळे पाणी आणि आगीला कारण होणारा मिथेन वायू, हे तिन्ही मुख्यतः ओल्या कचऱ्यापासून तयार होतात. आपल्या घरातील मेथीच्या काड्या दुसऱ्याच्या विहिरीपर्यंत कशा पोहोचतात हे एकदा लक्षात आले की त्या फाटकाबाहेर पाठवताना हात अडखळतो. केंद्र सरकारने २०१६ साली केलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा उघड्यावर टाकण्यास, जाळण्यास आणि पुरण्यास मनाई केली, बागेचा कचरा वेगळा आणि आपल्याच आवारात साठवण्यास सांगितले आणि पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या निवासी संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असे म्हटले. पाचोळा साठवण्याची माझी मागणी म्हणजे कोणावर उपकार मागणे नव्हे. थंडीच्या सकाळी आवाराच्या कोपऱ्यात पाने पेटवण्याची जी सवय काही ठिकाणी अजून आहे ती तर आजच थांबली पाहिजे. त्या धुराने शेजारच्या दमेकरी माणसाचे काय होते ते विचारायला कोणी जात नाही.

दारोदार कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंचाही यात विचार व्हावा. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातून २००७ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली. पावसाळ्यात गळणारी ओल्या कचऱ्याची बादली त्यांच्या हाताला, कपड्यांना आणि त्वचेला काय करते हे आपण सकाळी दाराशी पाहतो. ओला कचरा घरातच राहिला तर त्यांचे ओझे हलके होते आणि विकला जाणारा सुका कचरा स्वच्छ मिळतो. मात्र डबे सुरू झाले म्हणून त्यांच्या दरमहाच्या पैशांत कपात करण्याचा विचार कोणी करू नये. उलट पाने गोळा करणे, चाळणे, पोती भरणे हे काम त्यांना किंवा माळीबुवांना वेगळा मोबदला देऊन सोपवावे.

सर्व घरांनी डबे ठेवावेत असे माझे म्हणणे नाही. ज्या घरात सगळे सकाळी सातला बाहेर पडतात, किंवा ज्यांना गांडुळांची किळस येते, त्यांच्यावर सक्ती करून काही निष्पन्न होणार नाही. ४८ पैकी १० घरे मनापासून करतील तर दिवसाला सहा किलोच्या आसपास ओला कचरा फाटकाबाहेर जाणार नाही, आणि ही दहा घरे कोणाला त्रास न देता चालली की शेजारी आपणहून विचारतात. शहरात पाचोळा देणारे आणि तो हवा असणारे यांची गाठ घालून देणारा 'ब्राउन लीफ'सारखा उपक्रम आहे. ज्या संस्थांच्या आवारात झाडे नाहीत त्यांना तो उपयोगी पडेल.

आपल्या पुढील सभेत एवढे ठराव व्हावेत अशी माझी विनंती आहे. खतावर सरसकट बंदी असेल तर ती उठवून, गळती नसणे, वास नसणे आणि तळाचे पाणी नियमित काढणे या अटींवर डब्यांना परवानगी द्यावी. तक्रार आली तर बंदीचे पत्र काढण्याआधी डबा चालवणाऱ्या दुसऱ्या सभासदाला पाहायला पाठवावे. दहापैकी नऊ वेळा उपाय दोन टोपल्या पाचोळ्याचा असतो. आणि डिसेंबर ते मार्च या काळात पडणारी पाने, निलगिरीची सोडून, चुरून पोत्यांत भरून हौदात कोरडी ठेवावीत. वाहनतळ, जनरेटर आणि विजेचे मीटर यांच्यापासून हौद दूर नसेल तर ती दुसरीकडे ठेवावीत, कारण सुकी पाने पेट घेतात. बदाम आणि आंबा यांची जाड पाने न चुरता टाकली तर वर्ष वर्ष तशीच राहतात. सोनमोहर, शिरीष, पर्जन्यवृक्ष यांची बारीक पानेच आधी वापरावीत.

आमच्या संस्थेत मध्यंतरी एका समितीने मला हे सर्व करू दिले होते. मी डबे पुन्हा सुरू केले, त्या पावसाळ्यात हौदाच्या एका कोपऱ्यात सहा पोती राहिली आणि दोन्ही घरांतील डबे वासाविना चालले. खालच्या काकूंनी त्या वर्षी माझ्याकडून तुळशीसाठी खत मागून नेले. पुढची समिती आली, आवार साफ ठेवण्याचे काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे गेले आणि पाने पुन्हा टेम्पोतून जाऊ लागली. तेव्हापासून मी दर फेब्रुवारीत वारज्याला माझ्या भावाच्या बंगल्यातून स्कूटरवर पाचोळ्याची पोती आणते. येताना आमच्याच फाटकाशी आमच्याच झाडांची पाने टेम्पोत भरली जात असतात.

संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात आणि पानगळ डिसेंबरात सुरू होते. मधल्या दोन महिन्यांत हौदातील राडारोडा निघू शकतो. आमच्या संस्थेने हा विषय सभेपुढे घेतला तर तो काढण्याच्या कामाला मी आणि माझ्या घरातील माणसे येऊ. आणि आपल्यापैकी कोणत्याही समितीला चालू डबा उघडून आत पाहायचा असेल तर आमच्या बाल्कनीचे दार उघडे आहे.

आपली नम्र,
कोथरूडमधील एक सभासद